आधी पाठ, मग पाणी

"अरे लख्या, आधी पाठ मोकळी कर त्याची! तुह्यं पानी कुठं पळून नाई चाललं!"

आईचा हा आवाज लखीरामला आठवे तो नेहमी तहानेच्या वेळी. तांड्यात आईला याडी म्हणतात. त्याची याडी मानीबाई जाऊन वीस पावसाळे झाले होते, पण घसा कोरडा पडला की ती कुठून तरी मागून हाक मारीच.

तो सहा-सात वर्षांचा असताना तांड्याची लदेणी, बैलांच्या पाठीवरून माल वाहायचा धंदा, अजून पुरती थांबली नव्हती. आगगाडीनं आणि मोटारीनं बाकी मुलखातला माल कधीच ओढून नेला होता, तरी झरी-जामणीच्या जंगलातल्या गावांना मीठ पोचवायला बैलांच्या पाठीच लागत. चाळीसेक बैल, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना मिठाची गोणी, आणि गळ्यातल्या घंटांचा तो लांबच लांब चालणारा आवाज. ओढा दिसला की पोर धावत सुटे, ओंजळ भरी, आणि ओंजळ ओठाला लागायच्या आत मागून याडी ओरडे. ओंजळ तशीच सांडायची. शेवटच्या बैलाची गोणी उतरेपर्यंत तांड्यातलं माणूस पाण्याला तोंड लावीत नसे. तांड्याचा प्रमुख, नायक, तोसुद्धा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. याडी गोण्या उतरवता उतरवता गुणगुणायची, तेवढाच त्याचा कागद:

लादली रे गोणी, उतरू दे आधी,
मंग घाल राजा पान्यात तू हात;
तुह्या तहानेले तोंड हाये, वाचा,
त्याच्या तहानेची मुकी रे जात.

पुढं लदेणी सरली. तांडा घाटंजीपासून तीन कोसांवर माळाला लागून बसला, बैलांच्या पाठीवरून ओझं गेलं आणि खांद्यावर जू आलं. याडीनं नियम नव्या कामाला जुळवून घेतला. जू खाली, मग पाणी. बैलबंडी भरलेली असो की रिकामी. लखीरामची बायको जमनाबाई सून होऊन आली तेव्हा सासूनं तिला चुलीच्या आधी हेच शिकवलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण चौसष्ट सालच्या फाल्गुनात घडलं.

शेवटच्या वेचणीचा कापूस बंडीत भरून लखीराम घाटंजीला जिनिंगवर निघाला होता. चांद्या आणि तेल्या, दोघंही घरच्याच गाईचे. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. त्याचा डावा खांदा महिनाभर आलेला होता. आधी सूज, मग साल गेली, मग ओल. जमनाबाई रोज तेलात हळद कालवून लावायची आणि रोज म्हणायची, "आठ दिस बांधून ठेवा न त्याले." लखीराम म्हणायचा, "येवढी खेप होऊ दे."

जिनिंगच्या फाटकापासून बंड्यांची रांग लागली होती, पार अब्दुल गनीच्या लिंबापर्यंत. गनी म्हणजे नालबंद. बैल आडवा पाडून, पाय बांधून, नाल ठोकून देणारा. लखीरामचा वीस वर्षांचा दोस्त. त्या लिंबाखालीच ते झालं.

जमादार गर्दीतून वाट काढत आला तेव्हा चांद्या बंडीपुढं मातीत बसलेला होता, मान आडवी टाकून. जू बाजूला पडलेलं. लखीराम त्याच्या डोक्याशी उकिडवा बसून त्याच्या तोंडावर पाणी मारत होता. खांद्यावर माश्यांचा थर. जमादारानं काठीच्या टोकानं माश्या उठवल्या आणि आतलं पाहून तोंड फिरवलं.

"कोनाचा बैल हाये हा?"

"माहा, साहेब."

"काय बे, डोळे फुटले का तुह्ये? दिसत नाई खांदा?"

गर्दीतून कोणी म्हणालं, "बैलाच्या खांद्यासाठी पोलीस! उद्या कोंबडीसाठी कलेक्टर येईन." लोक हसले. जमादार हसला नाही. यवतमाळला नुकतंच त्यांना शिकवून पाठवलं होतं. दिल्लीनं कायदा केला आहे. जखमी जनावर कामाला जुंपणं आता गुन्हा. लखीरामला त्यानं ते शांतपणे सांगितलं, मास्तरानं सांगावं तसं. "जनावराले बी दुखते, हे आता सरकारनं मान्य केलं हाये. समजलं?"

लखीरामनं मान हलवली. त्याला त्यात खोटं काही वाटलं नाही.

चांद्याला उठवून कोंडवाड्यात नेलं. बंडी गनीनं कशीबशी दुसऱ्याचा बैल लावून आत ढकलली. संध्याकाळी लखीराम तेल्याला दाव्यानं धरून पायीच तांड्यात शिरला. एक बैल आणि एक माणूस. जमनाबाई अंगणात गोवऱ्या लावत होती. ती उठली, तिनं रस्त्याकडं पाहिलं, मागं अजून काही येतंय का ते.

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग एकच विचारलं.

"बसला तवा जू उतरवलं होतं नं, पूनमचे बा?"

"होतं."

"पानी?"

"पाजलं."

"आधी त्याले?"

"त्याले आधी," लखीराम म्हणाला आणि तेल्याला बांधायला गेला.

जमनाबाईचा जीव तेवढ्यावर थोडा खाली बसला. खांदा आला होता हे खरं, खेप करायला नको होती हेही खरं. पण तहानलेल्या जनावराच्या खांद्यावर जू ठेवून याडीचा लेक पाणी प्याला नाही. तिनं ते शेजारच्या लालीबाईला सांगितलं, आणि देवसिंग नायकानं विचारलं तेव्हा पदर सावरून त्यालाही सांगितलं. नायकानं मान डोलावली. "मंग ठीक हाये. खांदा कोनाचाबी येते. तांड्याकडून काई बोल नाई." आणि उठताना म्हणाला, "मानीबाईचा पोरगा हाये. माह्याच देखत वाढला."

लखीराम तेव्हा कडबा तोडत होता. तो तोडतच राहिला.

कोंडवाडा म्हणजे चार भिंती, वर आभाळ. भिंतीलगत सिमेंटचा हौद होता, त्याला तडा गेलेला, त्यात मागच्या पावसाळ्याचा गाळ सुकून पडलेला. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको तेलहळदीची वाटी आणि कडब्याचा भारा घेऊन पोचली. रखवालदारानं भारा घेतला, वाटीला मात्र हात आडवा केला.

"लावता येत नाई, बाई."

"काहून? औषध हाये, इख नोहे."

"थो आता मुद्देमाल हाये. जखम हाच पुरावा. थे भरली तं खटला कायच्यावर चालन?"

जमनाबाईनं वाटीकडं पाहिलं, मग रखवालदाराकडं. "म्हंजे त्याले दुखते म्हनून तुमी त्याले धरलं. आन आता दुखतच ठेवता?"

"माह्या हाती काय हाये? डॉक्टर पाहून जाईपर्यंत हात लावाचा नाई, असा हुकूम हाये."

"डॉक्टर कवा येते?"

"यवतमाळवरून येते. येईन तवा येईन."

ढोरांचा डॉक्टर एकोणिसाव्या दिवशी आला.

तोवर ऊन तापत गेलं. माळावरच्या पळसांची फुलं पेटली आणि गळूनही गेली. लखीराम एक दिवसाआड जायचा, मधल्या दिवशी जमनाबाई. तीन कोस जाणं, तीन कोस येणं, डोक्यावर कडबा. पाणी गनी पाजायचा. दुकानासमोरून रोज दोन बादल्या, एक सकाळी, एक दुपारी, नाल ठोकता ठोकता मधेच उठून. त्याची बायको हुस्नाबी म्हणायची, "घरके मटके सूखे, और मियाँ सरकार के बैल को पिला रहे हैं."

गनी लखीरामला म्हणाला, "लखीभाई, कायद्यात लिवलं असन, जनावराले पानी पाजा. पन बादली कोनं उचलाची, थे नसन लिवलं."

दोघं हसले. हसून झाल्यावर गनीनं विडी पेटवली आणि लखीरामकडं न पाहता म्हणाला, "कोर्टात काय सांगशीन?"

"अर्जनवीसानं सांगतलं थे."

अर्जनवीस घाटंजीच्या कचेरीबाहेरच्या पारावर अर्ज लिहीत बसायचा. सगळं ऐकून घेऊन त्यानं बोट उचललं होतं. "बैलाले जखम असनं हा गुन्हा नाई. जखमी बैल जुंपनं हा गुन्हा. जमादार आला तवा जू खांद्यावर होतं?" लखीराम म्हणाला होता, "नव्हतं." "मंग झालं. बाजारात बैल दाखवाले आनला, मित्राकडं नेला, काईबी. जुंपलाच नाई. सुटला तू." लखीरामला वाटलं होतं, घरी बोललेलं एक वाक्य आपण इथं आणलं आणि ते जुवाच्या शिवळेसारखं भोकात नेमकं बसलं. जरासुद्धा ठोकावं लागलं नाही.

गनीनं विडी अर्धीच विझवून कानावर ठेवली आणि बादली घेऊन उठला.

चांद्या त्या भिंतीच्या आत दिवसभर सावलीमागं सरकत असे. सकाळी पूर्वेच्या भिंतीला चिकटून, दुपारी कुठंच नाही, उतरत्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीला. लखीराम दिसला की कान हलवी. खांद्यात किडे पडले होते. तो मान वळवून तिथं चाटू बघे आणि जीभ पोचत नसे. जमनाबाईनं एकदा रखवालदाराची नजर चुकवून मूठभर हळद भिंतीवरून फेकली. वाऱ्यानं ती उडाली. थोडी चांद्याच्या कपाळावर बसली, लग्नातल्या नवरदेवासारखी, आणि खांदा तसाच राहिला.

एकदा दोघं मिळून गेली तेव्हा जमादार तिथंच भेटला. कोंडवाड्याच्या फाटकाशी उभा होता, टोपी काखेत.

"मी बी शेतकऱ्याच्याच घरचा हाओ, बाई," तो जमनाबाईला म्हणाला. तिनं विचारलं नव्हतं. "मले वाटलं, त्याले आराम भेटन. खरं सांगतो. मले वाटलं, इथं दवापानी असन."

"नाई हाये," जमनाबाई म्हणाली.

"नाई हाये," जमादारही म्हणाला.

परतताना रस्त्यात ती लखीरामला म्हणाली, "कायदा खोटा नाई वाटत मले. थे शिपाई बी खोटे नाई. आपल्या याडीचंच म्हननं हाये थे, दिल्लीले उशिरा पोचलं. पन याडी निसतं सांगत नव्हती. थे सोता गोनी उतरवाले लागे." लखीराम पुढं चालत होता. त्यानं मागं पाहिलं नाही.

डॉक्टर पाहून गेला, तरी निकालापर्यंत जखमेला हात लावायचा नाही असंच ठरलं. तारीख लागली यवतमाळला. तिघं एस्टीनं गेले, लखीराम, जमनाबाई आणि साक्षीला गनी. दिवसभर व्हरांड्यात बसून उन्हं कलली तेव्हा पुकारा झाला.

न्यायाधीश वयस्क होते, थकलेले, आवाज मऊ. त्यांनी आधी लखीरामला समजावलं. माणसाला मारलं तर तो येऊन सांगतो. जनावराला सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कायदा बोलतो. जमनाबाई मागच्या बाकावरून ऐकत होती. तिला ते शब्द ओळखीचे वाटले. ती पदराआड ओठ हलवू लागली: त्याच्या तहानेची मुकी रे जात.

मग प्रश्न झाले. बैलाचं वय? सात. दात? सगळे. खुराक? बंडीत कापूस किती होता? जखम कधीची? डॉक्टरचा दाखला वाचला गेला. बैल एकोणीस दिवसांनी तपासला, जखमेत किडे, जखम नेमकी कधीची आणि जुवामुळंच झाली की कसं, ते आता सांगता येत नाही. जमादाराला विचारलं, तुम्ही पोचलात तेव्हा बैल जुंपलेला होता काय? जमादारानं काखेतली टोपी सरळ केली. नव्हता, साहेब. जू खाली होतं.

गनीला उभं केलं.

"तुम्ही तिथंच होता. बैल जुंपलेला असताना बसला, की सोडल्यावर?"

गनीनं दाढीवरून हात फिरवला. "साहेब, माह्यासमोर एक बैल आडवा पाडलेला होता. त्याचा पाय माह्या मांडीत. नाल ठोकताना नजर खुरावरून हलली तं खिळा मांसात जाते. म्या वर पाह्यलं तवा गर्दी होती."

"म्हणजे पाहिलं नाही."

"माही मान खाली होती, साहेब."

आरोपीला विचारलं. लखीराम म्हणाला, "जू उतरवलं होतं. पानी पाजून राह्यलो होतो."

जमनाबाईनं मान जोरात हलवली, जणू तीच साक्ष देत होती.

बैल जुंपलेला कोणी पाहिला नाही, जखम जुवाचीच हेही ठरत नाही; लखीराम सुटला. न्यायाधीशांनी कागद बाजूला सारता सारता चष्मा काढून डोळे चोळले. बैल मालकास परत द्यावा. हुकूम? टपालानं जाईल.

टपालाला सहा दिवस लागले. सहाव्या दिवशी रखवालदारानं कागद पाहिला, वहीत अंगठा घेतला आणि फाटक उघडलं. चांद्या लगेच निघाला नाही. उघड्या फाटकाकडं बघत उभा राहिला. बरगड्या मोजता येत होत्या. लखीरामनं जीभ टाळूला लावून ओळखीचा आवाज काढला, तेव्हा तो एकेक पाऊल टाकत बाहेर आला. जमनाबाईनं तिथंच, रस्त्यावरच, वाटी उघडली आणि खांद्याला हात लावला. चांद्याचं सगळं अंग थरथरलं, पण तो हलला नाही. ती किडे वेचत राहिली आणि रडली नाही.

गनी लिंबापाशी भेटला. त्यानं चांद्याच्या तोंडावरून हात फिरवला. लखीरामला म्हणाला, "नेऊन पोचव बाबा घरी." एवढंच. मग पाठ फिरवून नालांची पेटी उघडून बसला, समोर एकही बैल नसताना.

तीन कोस. सकाळी निघाले होते, ऊन डोक्यावर आलं तरी निम्मी वाट सरली नव्हती. जमनाबाई पुढं, मधे चांद्या, मागं लखीराम. दावं नुसतं हातात, ओढायचं नाही. ती बोलत होती. बोलण्यानं बैल चालतो असं तिला वाटत असावं.

"घरी गेल्यावर त्याले छपरात बांधू. उनात नोको. तेल्याबी हाये, दोघं चाटतीन एकमेकाले. आता याले जुंपाचं नाई, अवो, ऐकता का? पोळ्याले निसता सजवाचा. देवाचा समजू."

"हो," लखीराम म्हणाला.

"कोर्टात माह्या छातीत कसं धडधडून राह्यलं होतं. पन म्या म्हनलं, जे हाये थे हाये. खोटं बोलाले लागलं असतं तं भेव. आपल्याले कायचं भेव?"

लखीराम चांद्याच्या पाठीवरच्या माश्या हाकत राहिला.

तांड्याच्या अलीकडं ओढा लागतो. फाल्गुन सरल्यावर त्यात धार नसते, करंजीच्या मुळांशी एक डोह तेवढा उरतो. त्याच्या काठाशी येऊन चांद्या थांबला, पुढचे गुडघे टेकले आणि बसला. पाण्यापासून चार हातांवर. मान लांबवली, मग वाळूत टाकली.

लखीरामनं उठवायला शेपटीला हात लावला. जमनाबाई म्हणाली, "राहू द्या. नोका उठवू. थकला थो."

तिनं लोटा काढला, डोहातून भरला, आणि चांद्याच्या ओठांशी धरला. बैलानं ओठ ओले केले. एक घोट घेतला की नाही, कळलं नाही. पाणी जिभेवरून वाळूत उतरलं. तिनं पुन्हा भरला, पुन्हा धरला. त्याचे डोळे उघडे होते आणि ते कुठं बघत नव्हते. तिनं त्याच्या कपाळावरच्या ठिपक्यावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. श्वास होता. लांबलांबून येत होता.

"सुटलं बाप्पा एकदाचं," ती हळू म्हणाली. "पाठ मोकळी हाये. खांदा मोकळा हाये. आपल्या जागेवर आला." मग लोटा विसळून, भरून, तिनं लखीरामपुढं धरला. "घ्या. सकाळपासून तुमी बी तोंडात थेंब नाई घेतला. त्याले पाजलं, आता तुमची पाळी. याडी असती तं म्हनली असती, माह्या लेकानं नेम नाई मोडला."

लखीरामनं लोटा घेतला. ओठापर्यंत नेला. घसा इतका कोरडा होता की गिळताना दुखत होतं. मागून हाक येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. करंजीची पानं हलली. हाक आली नाही.

त्यानं लोटा खाली ठेवला. वाळूत, नीट, सांडणार नाही असा.

"काय झालं?"

"जमने," तो म्हणाला. कितीतरी वर्षांत त्यानं तिला असं नावानं हाक मारली नव्हती.

तिनं तळवा पुन्हा चांद्याच्या कपाळावर ठेवला.

"रांग सरकून राह्यली होती. जू उतरवलं असतं तं नंबर गेला असता. गनीच्या मटक्याले मी हात घातला. म्हनलं, एक लोटा, मंग सोडतो. मंग दुसरा घेतला. मंग त्यानं विडी देल्ली." लखीरामनं चांद्याकडं पाहिलं. "थो जुवातच बसला, जमने. बसल्यावर म्या शिवळ काढली. जमादार यायच्या आधी. गनीनं सगळं पाह्यलं."

तिचा हात चांद्याच्या कपाळावर तसाच होता.

"बंडी भरलेली, जू खांद्यावर, आन म्या आधी पानी प्यालो. दोन लोटे. थो माह्याकडंच पाहून राह्यला होता."